मृगाच्या तोंडावर

सकाळचे ५.४५

बांद्याहून इन्सुलीकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत वळलं, की चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे हिरवी शेडनेट दिसते. अर्ध्या एकरातली बांबूची नर्सरी. फाटक उघडंच आहे. इथं कामाला येणाऱ्या काकी आधीच आल्यात. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला टॉवेल, हातात पाइप.

रोहिणी संपत आल्यात, मृग दोन दिवसांवर. रात्री वळवाची सर येऊन गेली, तरी पाणी चालूच आहे. काकी एका पिशवीत बोट खुपसून दाखवतात. वरचं पेरभर ओलं, खाली सुकं. झुबका दाट असला की हलका पाऊस पिशवीत उतरत नाही, बाहेरच ओघळतो. तहानलेल्या रोपांची पानं लांबीत आत वळलीत, निम्मीच दिसतात. त्या ओळीपाशी पाइप जास्त वेळ थांबतो.

विहिरीवर तीन एचपीचा पंप आहे. लाइट साडेपाच ते आठ नक्की असते, नंतर तिचा भरवसा नाही. म्हणून काकी एवढ्या सकाळी. मजुरी मात्र आठपासून धरतात. पहाटेच्या पाण्याचे वेगळे पन्नास रुपये.

७.००

पाणी झालं. आता वाफ्यातल्या कांड्या काढून पिशव्यांत भरायच्या.

पाडव्याच्या सुमारास माणग्याच्या दीड-दोन वर्षांच्या काठ्या तोडून त्यांचे दोन-दोन पेरांचे तुकडे केले होते. टोकांना शेण-माती फासली, वाळूच्या वाफ्यात आडवे निजवले, वर दोन बोटं वाळू. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. आता वाफा हिरवागार दिसतो.

माणगा हा सिंधुदुर्गातल्या शेताच्या कडेचा बांबू. बिनकाट्याचा, बुंध्याकडे जवळजवळ भरीव, चांगल्या जमिनीत तीस फुटांपर्यंत जाणारा. आंब्याच्या झेल्याला हाच, मांडवाला हाच, घाटावरच्या द्राक्षांना आणि टोमॅटोलाही हाच चालतो. शास्त्रातलं नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी. याचं बी काही हाताला लागत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कांडीनं किंवा कंदानंच लावतात.

नवा पोरगा हिरवीगार कांडी धरून वर खेचतो. काकी तिथूनच ओरडतात, “रे, वडू नको! पानां बघू नको, मुळां बघ.”

हे काम इथंच फसतं. कांडीत साठवलेलं अन्न असतं. त्यावर ती आधी पानं काढते, मुळं नंतर, बऱ्याच आठवड्यांनी. पानं बघून उपटली आणि पिशवीत घातली, तर आठवडाभरात माना टाकते. काकी खुरप्यानं बाजूची वाळू सैल करतात, तळवा खाली सारतात आणि कांडी अलगद उचलतात. पांढरी, जाड मुळं असतील तर डावीकडच्या घमेल्यात. गाठीवर नुसते पांढरे ठिपके असतील तर परत वाळूत. सुकलेली किंवा वाळवीनं पोखरलेली असेल तर मागे फेक. त्यांचा हात थांबत नाही. मी दहा-दहाच्या खेपा मोजत होतो. दर खेपेला सहा किंवा सात डावीकडे जात होत्या.

मागे टाकलेल्या कांड्यांचा ढीग वाढतो. तो चुलीत जात नाही. इकडे बांबू जाळत नाहीत. ज्याची तिरडी बांधायची त्यावर पाणी तापवायचं नाही, एवढंच काकी सांगतात. ढीग कुजायला खड्ड्यात जातो.

शेडखाली दोघीजणी पिशव्या भरतायत. दोन घमेली लाल माती, एक शेणखत, एक वाळू, वाळवीसाठी ओंजळभर निंबोळी पेंड. माती आधी चाळावी लागते, कारण इकडच्या मातीत जांभ्याचे खडे फार. भरणावळ पिशवीमागे एक रुपया. मिश्रण तयार असेल तर एकीच्या दिवसाला तीनशे होतात. मिश्रण करायलाच सकाळ गेली तर दोनशे. रिकामी पिशवी दीड रुपयाला पडते. तीन महिन्यांचं पाणी आणि मेलेल्या कांड्या जमेस धरायच्या. रोप विकलं जातं चाळीसला. शेतकरी शंभर घेणार असेल तर पस्तीसला.

८.३०

पेज, खाराची मिरची, कालच्या भाकरीचा तुकडा. दहा मिनिटं.

९.१५

गडग्याच्या कडेनं माणग्याची जुनी बेटं आहेत. कांड्यांसाठी काठ्या यांतूनच निघतात. एक गृहस्थ मोटरसायकलवरून येतात. गोठ्यावर ताडपत्री ताणायची आहे, पाऊस येतोय, दहा काठ्या हव्यात. नर्सरीचे मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात, हात जोडून नाही म्हणतात. पावसाच्या तोंडाशी बेटाला कोयता लावत नाहीत. आता कंदातून कोंब सुटायच्या बेतात असतात आणि ते जुन्या काठ्यांच्या जिवावर वाढतात. शिवाय या दिवसात तोडलेल्या काठीत रस जास्त, ती लवकर किडते. दिवाळीनंतर या म्हणतात. गृहस्थांचा गोठा दिवाळीपर्यंत थांबणारा नाही. ते बाजाराच्या दिशेनं जातात.

काकी मला काठीचं वय वाचायला शिकवतात. पहिल्या वर्षाची गडद हिरवी, अंगावर पांढरट भुकटी, पेरांपाशी आवरणाची वाळकी सालपटं अजून चिकटलेली. ती सालपटं उघड्या हातानं काढायची नाहीत, त्यांची कूस दिवसभर खाजवत ठेवते. दुसऱ्या वर्षी भुकटी जाते, फांद्या दाट होतात. तिसऱ्या वर्षी रंग उतरतो, अंगावर करडे डाग येतात, कोयत्याच्या मुठीनं ठोकलं तर आवाज खणखणीत येतो. तोडायची ती ही. जमिनीजवळच्या पेराच्या बरोबर वर छाटायची. मध्येच छाटली तर थोटकात पाणी साचतं आणि कंद कुजतो.

ज्यांनी आठ-दहा वर्षं काहीच तोडलं नाही, ती बेटंही रस्त्याला दिसतात. मधोमध वाळक्या काठ्यांची गचपण, कोंब बाहेरच्या बाहेर. आत हात जात नाही. लोक म्हणतात, बांबूला काही करावं लागत नाही. लावायला खरंच फारसं लागत नाही. तोडायला अक्कल लागते, आणि ती दरवर्षी लागते.

१०.३०

आजचं जड काम. गोव्याच्या एका हॉटेलातून परत आलेला ड्रम.

त्यात पिवळा बांबू आहे, सोनेरी काठीवर हिरव्या उभ्या रेघा असलेला. जमिनीत तो मोठा होतो, ड्रममध्ये दहा-बारा फुटांवर थांबतो, काठीही बारीक राहते. हॉटेलं विकत घेत नाहीत, भाड्यानं ठेवतात. महिन्याला ड्रममागे दोनशे रुपये. झाड सुस्तावलं की परत आणून द्यायचं आणि दुसरं न्यायचं.

दोनशे लिटरचा जुना निळा ड्रम नऊशेला येतो. आडवा कापला की दोन कुंड्या. तळाला गरम सळईनं सहा भोकं. हा अर्धा ड्रम आता गोल राहिलेला नाही. एका बाजूनं कंदांनी प्लास्टिक बाहेर ढकललंय. कुंडी मातीची असती तर केव्हाच तडकली असती.

दोघं मिळून तो आडवा करतात, ठोकतात, लोळवतात. निघत नाही. पोरगा ग्राइंडर आणतो आणि ड्रम उभा चिरतो. काकी तोंड वाकडं करतात. “साडेचारशे गेले.”

आत माती जवळजवळ नाहीच. सुंभाच्या गुंडाळीसारखी मुळंच मुळं, आणि त्यांच्यामध्ये आल्याएवढ्या जाडीपासून मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचे कंद. पाइपच्या धारेनं धुतल्यावर रचना दिसते. प्रत्येक काठीचा कंद मागच्या वर्षीच्या कंदाच्या बगलेतून निघालाय. मधली मान आखूड, बोटभर लांबीची. म्हणून हे बेट जागच्या जागी फुगतं, लांब पळत नाही. चीन-जपानकडचे पळणारे बांबू असतात, त्यांचे कंद जमिनीखालून कित्येक फूट जाऊन शेजाऱ्याच्या अंगणात डोकं काढतात. आपल्याकडच्या उष्ण, दमट भागातले बांबू जवळपास सगळे बेट करणारे. घराचा पाया उखडेल का, असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा दादा हे धुतलेले कंदच दाखवतात.

आता करवत. काकी बसून कंद चाचपतात आणि खडूनं खुणा करतात. एका भागात तीन काठ्या यायला हव्यात, आणि त्यातली एक तरी गेल्या पावसाळ्यातली. नवा कोंब तरुण कंदाच्या डोळ्यातून येतो. नुसत्या जुन्या काठ्यांचा भाग तोडला तर हिरवा राहतो, वाढत नाही. अनाडी माळी असे भाग विकतात. गिऱ्हाईक दोन वर्षं पाणी घालत बसतं.

पोरगा करवत चालवतो. पातं ओल्या कंदात अडकतं, काकी त्यावर पाणी ओततात. पाऊण तासात चार भाग होतात. काठ्या सहा फुटांवर छाटल्या, म्हणजे थोड्या मुळांवर फार पानांचा भार नको. नव्या ड्रमच्या तळाशी नारळाची सोडणं, वर मिश्रण. यात भाताचा तूस जास्त घालतात, वजन कमी व्हावं म्हणून. भिजलेला अर्धा ड्रम शंभर किलोच्या वर जातो, आणि गच्चीवर किती ड्रम चढवायचे हे इमारत ठरवते. वर चार बोटं जागा रिकामी, पाणी उभं राहायला. तीन आठवडे सावलीत. एका ड्रमचे चार झाले. हिशेबात ग्राइंडरखाली गेलेले साडेचारशे भरून निघाले, पण काकी ते दिवसभर विसरणार नाहीत.

१२.१५

फाटकाशी गाडी थांबते. काचेआडून एक बाई विचारतात, लकी बांबू आहे का? दादा नाही म्हणतात. तो बांबूच नाही, ड्रॅसिना आहे, गवताच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. बाईंना हे ऐकायचं नव्हतं. काच वर जाते.

१२.४५

जेवण. उकड्या तांदळाचा भात, सुकटीची चटणी, सोलकढी. एक जूनपासून समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून दोन महिने डब्यात सुकं. जेवून काकी शेडनेटखाली गोणपाटावर आडव्या होतात. “बाबा, तू थंयसर बस, हंयसर मुंगये असत.”

१.३०

टेंपो आला. आजची ऑर्डर वीस झाडांची. बांबूसा मल्टिप्लेक्स, बारीक पानांचा, कुंपणासाठी. बारा इंची पिशव्या, प्रत्येकीत सात-आठ काठ्या, उंची पाच फूट. एक पिशवी बारा-तेरा किलोची. उचलताना काठ्यांना धरून उचलायचं नाही, पिशवीच्या बुडाला हात लावायचा. टेंपोत झाडं आडवी, पानं मागच्या बाजूला, वरून ओली शेडनेट. ताशी पन्नासच्या वाऱ्यात अर्ध्या तासात पान करपतं.

भाडं अडीच हजार, येऊन-जाऊन. दोन बापे, काकी, मी. लावणीला काकी लागतातच.

२.३०

पत्रादेवी. गोव्यात शिरताना आमच्याकडे कुणी बघत नाही. टेंपोवाला पूर्वी काठ्यांची वाहतूक करायचा. तेव्हा प्रत्येक नाक्यावर पास लागायचा, स्वतःच्या शेतातल्या बांबूलासुद्धा. २०१७ साली वन कायदा बदलला, वनाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही. “तेव्हापासून चहाचे पैसे वाचले,” तो म्हणतो. गोव्यात डिझेल थोडं स्वस्त, म्हणून टाकी इकडेच भरतो.

पेडण्याच्या पुढे मोपाच्या विमानतळाची पाटी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या भिंती. भिंतींच्या आत तांबडी माती उघडी पडलेली.

३.१५

कोलवाळचा पूल ओलांडून आतल्या रस्त्याला. नवा बंगला, साठ फुटांची भिंत, भिंतीपलीकडे शेजारचा तसाच नवा बंगला. दोघांना एकमेकांच्या खिडक्या नकोत. खड्डे आधीच खणून ठेवलेत. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. जांभा इतका कडक, की पहार उडत होती, शेवटी ब्रेकर लावला. त्याचं दिवसाचं भाडं ठेकेदारानं बंगल्याच्या मालकाला लावलं.

काकी पहिल्यांदा भिंतीपासूनचं अंतर पाहतात. तीन फूट. ठीक. दोन झाडांमध्येही तीनच फूट. मग एका खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात आणि थांबतात. पाच मिनिटांनी पाणी अर्धंही उतरलेलं नाही. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाणी तुंबणार. बांबूला पाणी हवं, तुंबलेलं नको. काकी ठेकेदाराला सांगतात, तळाला पहारीनं भोकं पाडून घ्या. ठेकेदार घड्याळ बघतो. काकी पदरानं घाम पुसत उभ्या राहतात. शेवटी बापे पहार घेतात. वीस खड्डे, तास गेला.

मग लावणी भरभर. तळाला पाला आणि शेणखत, त्यावर माती. ब्लेडनं पिशवी उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. गोळ्याची वरची पातळी जमिनीच्या थोडी वर, कारण माती नंतर बसते. कडेनं माती, पायानं दाब, आळं, पाणी. एक बाप्या मातीचा, एक पाण्याचा, मध्ये काकी. एका झाडाला तीन-चार मिनिटं.

चौदाव्या झाडाला पाऊस आला. कोणी थांबलं नाही.

मालक दिल्लीहून व्हिडिओ कॉलवर. ठेकेदार फोन भिंतीच्या कडेनं फिरवतो. त्यांना विचारायचंय, भिंत कधी झाकणार. ठेकेदार म्हणतो सहा महिने. काकी मराठीतच म्हणतात, तीन पावसाळे. फोनमधून काय ऐकू गेलं कोण जाणे. पण खरं काकींचं. कोंब जमिनीतून निघतो तो पुढे जेवढा जाड राहायचा तेवढाच निघतो. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग जन्मभर जाड होत नाही. यंदाचे कोंब बारीक येतील, बारीकच राहतील. कंद जमला की पुढच्या वर्षी थोडे जाड, त्याच्या पुढच्या वर्षी खरा पडदा.

राखणदार खराटा घेऊन पडलेली पानं गोळा करायला लागतो. काकी त्याला थांबवतात. बांबूची पानं बांबूखालीच राहू द्यायची. ओल टिकते, आणि पानांत गेलेली सिलिका परत मातीत जाते. काकी सिलिका म्हणत नाहीत. त्या म्हणतात, त्येचां तेका ऱ्हवांदे.

५.४५

वीस लागली. ठेकेदार पैसे देतो. झाडाला अडीचशेप्रमाणे पाच हजार, टेंपोचे अडीच हजार, लावणीची मजुरी वेगळी. त्याच्या फोनवर मालकाला पाठवलेलं कोटेशन उघडं राहिलंय, झाडाचा दर सातशे. टेंपोवाल्यानं पाहिलं, मी पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

७.१५

परतीला इन्सुलीच्या नाक्यावर मात्र आमचा टेंपो थांबवतात. गोव्यातून दारू आणताय का? रिकाम्या पिशव्या, भिजलेली शेडनेट, पहारी. हवालदार बॅटरी मारून बघतो आणि जा म्हणतो.

७.४०

नर्सरीत दादा वहीत लिहितात. काकींची मजुरी साडेतीनशे, पहाटेच्या पाण्याचे पन्नास, बाहेरगावचे दीडशे. साडेपाचशे. बाप्यांची मजुरी सहाशे आणि दीडशे, साडेसातशे. झाडं कुठं बसवायची, भाग कुठं तोडायचे आणि खड्डा नापास करायचा कोणी, हे वहीत येत नाही. काकी नोटा मोजून कमरेच्या पिशवीत ठेवतात आणि सांगतात, मृग लागला की चार दिवस येणार नाही, घरचा भाताचा तरवा पेरायचा आहे. दादा मान हलवतात. ते चार दिवस वाफ्यातली कांडी कोणी उचलायची नाही, असं पोराला बजावतात.

तुम्ही या दिवसात रोप घ्यायला जाणार असाल, तर पानांचा झुबका पाहून घेऊ नका. पिशवीच्या भोकातून मूळ बाहेर आलंय का बघा, बुडाशी गेल्या वर्षीची एखादी काठी आहे का बघा. अंगण असेल तर भिंतीपासून तीन फूट सोडून जमिनीत लावा, दिवाळीनंतर तिसऱ्या वर्षाच्या काठ्या तोडत जा. बाल्कनीत ड्रम ठेवायचा असेल, तर एप्रिल-मेमध्ये रोज बादलीभर पाणी घालणारं माणूस घरात हवं, आणि दोन-तीन वर्षांनी तो ड्रम आडवा करून करवत चालवणारंही. नसेल, तर तुळस बरी.